दोष नेमका कोठें?

संसारांत जें डोळ्यांना दिसत नाहीं त्यावरून तंटे फार होतात. नळाला पाणी आलें नाहीं तर टांकीचें झांकण उघडून पाहतां येतें. दिवा गेला तर फ्यूज उडाला कीं काय हें क्षणांत कळतें. परंतु घरांतील संगणकांचें जाळें, ज्याला आपण व्यवहारांत नुसतें 'नेट' म्हणतों, तें अडखळूं लागलें म्हणजे कोणी राउटरकडे बोट दाखवितो, कोणी कंपनीकडे, कोणी भिंतीआडच्या तारेकडे. आणि त्या वेळीं जो कोणी मोबाइल हातीं घेऊन बसलेला असेल त्याच्याकडे तर सर्वच. निदानापूर्वीं औषध सुरू होतें. राउटर बंद करून पुन्हां चालू करणें हा पहिला काढा. तो लागू पडला नाहीं कीं नवा राउटर विकत आणणें ही दुसरी मात्रा. दोन्ही उपाय मधून मधून गुण देतात, आणि त्यामुळेंच त्यांच्यावरची श्रद्धा उडत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या यंत्राविषयीं लिहीत आहों तें दुरुस्तीचें यंत्र नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. तें कांहींच दुरुस्त करीत नाहीं. हातांत मावेल एवढी ती पेटी. कांहींवर नुसते दिवे असतात, कांहींना मोबाइलसारखा पडदा असतो. तंत्रज्ञ ती पिशवींतून काढतो, जाळ्याच्या एका टोंकाला जोडतो, आणि ती पेटी सांगते कीं दोष ह्या बाजूला नाहीं, त्या बाजूला आहे. किंवा येथून अमुक मीटरांवर आहे. एवढेंच तिचें काम. परंतु कंपनी, कंत्राटदार आणि दुकानदार ह्या तिघांच्या दारीं ज्या घरानें महिनाभर खेटे घातले आहेत, त्या घराला ह्या 'एवढेंच' ह्या शब्दाची किंमत विचारावी.

न दिसणाऱ्या तारेंत बिघाड झाला म्हणजे अपराधी कोण, हा वाद कांहीं आजचा नव्हे. इ. स. १८५८ च्या ऑगस्टमध्यें आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशीं तारायंत्राची पहिली तार टाकून पुरी झाली. दोन्ही खंडांत उत्सव झाले. परंतु संदेश अतिशय क्षीण येत, आणि थोड्याच आठवड्यांत ती तार कायमची मुकी झाली. कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. संदेश नीट पोंचेनात तेव्हां त्यांनीं सुमारें २,००० व्होल्टचा दाब तारेंत सोडला. समोरच्याला ऐकूं येत नाहीं म्हणून त्याच्या कानाशीं तोफ उडवावी, त्यांतलाच हा प्रकार. उलटपक्षीं ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनीं एक इवलासा आरसा धाग्याला टांगून, त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यावरून सूक्ष्मांत सूक्ष्म प्रवाह वाचण्याची युक्ति काढली होती. एकानें ओरडण्याचा जोर वाढविला, दुसऱ्यानें ऐकण्याची शक्ति वाढविली. व्हाइटहाउस यांना कंपनीनें काढून टाकलें, चौकशी समिति बसली, साक्षीपुरावे झाले; आणि विजेला तारेंत होणारा रोध मोजण्याचें एक सर्वमान्य माप पाहिजे ह्या खटपटीला इंग्लंडांत जोर आला. १८६६ सालीं जी टिकाऊ तार पडली ती पदोपदीं मोजमाप घेत पडली, आणि १८७० सालीं सुएझहून एडनमार्गें समुद्रांतून आपल्या मुंबईस जी तार येऊन पोंचली ती ह्याच विद्येच्या बळावर. व्हाइटहाउस यांचे मानसपुत्र मात्र अद्याप हयात आहेत. 'राउटर लहान पडतो, मोठा घ्या' असें जे न तपासतां सांगतात ते त्याच संप्रदायांतले.

आतां आपल्या घरांतील तारेकडे वळूं. ज्या निळ्या अथवा करड्या तारेला आपण लॅन केबल म्हणतों तिच्या पोटांत आठ बारीक तारा असतात, आणि त्या दोन दोन मिळून चार जोड्यांत एकमेकींभोंवतीं पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. एकच संदेश जोडींतील एका तारेंतून सुलट व दुसरींतून उलट असा धाडलेला असतो. वाटेंत पंख्याचा, दिव्याच्या पट्टीचा, शेजारच्या जोडीचा जो उपद्रव होतो तो पिळामुळें दोघींना सारखाच लागतो, आणि पलीकडच्या टोंकाला एकींतून दुसरी वजा केली म्हणजे तो उपद्रव नाहींसा होऊन संदेश तेवढा उरतो. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं १८८१ सालीं ह्या पिळाचें पेटंट घेतलें. आज घरोघरीं चालतो तो तोच पीळ. इथरनेट ह्या जाळ्याची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत मांडली, तेव्हां मात्र सारे संगणक एकाच जाड तारेला माळेंतील मण्यांप्रमाणें लटकविलेले असत. माळ कोठेंहि तुटली कीं सर्व मणी एकदम गळाले. १९९० सालीं पिळाच्या जोड्यांची पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली आणि प्रत्येक संगणकाची तार स्वतंत्रपणें मधल्या पेटीपर्यंत, म्हणजे स्विचपर्यंत, जाऊं लागली. एकाच्या दुखण्यानें सर्व कुटुंब आजारी पडणें त्यामुळें थांबलें; पण दोषाला लपून बसण्याच्या जागा तेवढ्याच वाढल्या.

ह्या तारेची सर्वांत स्वस्त परीक्षा करणारी वस्तु बाजारांत कांहीं शें रुपयांस मिळते. दोन लहान डब्या असतात; एक तारेच्या ह्या टोंकाला लावावयाची, दुसरी त्या टोंकाला. मग एक ते आठ आंकड्यांसमोरचे दिवे क्रमानें लागूं लागतात. एखादा लागला नाहीं तर ती तार तुटलेली. क्रम चुकला तर प्लग भरतांना तारांची अदलाबदल झालेली. वस्तु उपयुक्त आहे, आणि ज्या घरांत दोन-चार तारा आहेत तेथें ती असावी असेंच आम्ही म्हणूं. परंतु तिच्यावर जो भरंवसा ठेवला जातो तो तिच्या योग्यतेबाहेरचा आहे.

तो कसा, हें एका दोषावरून कळेल. प्लगमध्यें तारा बसविण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यांत एक खोंच आहे: तिसऱ्या व सहाव्या स्थानीं एकाच जोडींतील दोन तारा याव्या लागतात, मधलीं चौथें व पांचवें हीं स्थानें दुसऱ्या जोडीला जातात. ज्याला हें ठाऊक नाहीं तो साध्या बुद्धीनें एक-दोन, तीन-चार, पांच-सहा, सात-आठ अशा ओळीनें जोड्या बसवितो, आणि दोन्ही टोंकांना तशाच बसवितो. डब्या लावून पाहाव्या तर आठहि दिवे सुरळीत लागतात. कारण दिव्याला एवढेंच कळतें कीं तिसरी तार तिसऱ्या स्थानाशीं पोंचली. वस्तुतः तिसऱ्या व सहाव्या स्थानांवरून जाणारा संदेश आतां दोन भिन्न जोड्यांतील एकेका तारेंतून चाललेला असतो. पत्रिका जुळली, गुण जुळले. पण वर एका मांडवांत उभा आणि वधू दुसऱ्या मांडवांत! पिळाचा उपयोग संपला. शेजारच्या जोडीचा उपद्रव संदेशांत मिसळतो, पुष्कळ संदेश पुन्हां पुन्हां धाडावे लागतात, वेग मंदावतो. तंत्रज्ञ ह्याला 'स्प्लिट पेअर' म्हणतात. जाळें अगदींच बंद पडतें तर बरें, असें अशा वेळीं वाटतें. पत्र जातें, पण चित्र अडतें. सकाळीं चालतें, रात्रीं रखडतें. आणि माणूस तारेवर संशय घेण्याचें सोडून हवापाण्यावर घेऊं लागतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत ह्याहूनहि सूक्ष्म दोषानें जें घडविलें तें येथें सांगण्याजोगें आहे. घर नवें, तारा भिंतींतून नळ्यांमधून नेलेल्या, वर गिलावा, वर रंग. घरची सून एका परदेशी कंपनीचें काम घरूनच करी. वरिष्ठांशीं पडद्यावर बोलणें चालू असतां तिचें चित्र थिजे, आवाज तुटे, आणि थोड्या वेळानें पुन्हां जुळे. हें कधीं दिवसांतून चार वेळां व्हावें, कधीं एकदांहि होऊं नये. पहिल्या महिन्यांत वरिष्ठांनीं सहानुभूति दाखविली. दुसऱ्यांत त्यांच्या बोलण्यांत संशय दिसूं लागला. नेट तुटल्याचें निमित्त सांगून काम चुकविणारे लोक त्यांना आधीं भेटलेले असावेत. तिच्या उमेदवारीचा काळ चालू होता, तो त्यांनीं आणखी तीन महिन्यांनीं वाढविला. घरांतहि बोलणीं होऊं लागलीं. सासरे म्हणत, मुलें खेळ पाहत बसतात म्हणून. नवरा म्हणे, तुझाच संगणक जुना. नेट पुरविणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन दाराजवळच्या आपल्या पेटीपर्यंत सर्व उत्तम आहे असें दाखवून गेला, आणि तें अक्षरशः खरें होतें. वायरमन आला, त्याच्या डब्यांचे आठहि दिवे लागले, 'तार ठीक आहे, ताई' असें सांगून तोहि गेला. राउटर बदलून झाला, संगणक बदलून झाला. एकामागून एक सर्व निर्दोष ठरले, आणि संशयाला जागा उरली ती एकटी सून.

शेवटीं ओळखीनें एक तंत्रज्ञ मोठ्या प्रतीचें यंत्र घेऊन आला. त्यानें तारेच्या दोन्ही टोंकांना यंत्राचे दोन भाग लावले आणि मिनिटभरांत पडद्यावर आकृति उमटली. तीन जोड्या निरोगी. चौथ्या जोडींतील एका तारेचा रोध दुसरीहून बराच अधिक. आणि ह्या टोंकापासून १४ मीटरांवर कांहीं तरी विकृति. भिंतीच्या कडेकडेनें टेप धरीत गेले तों माप येऊन थांबलें देवघराच्या फळीखालीं. फळीचा एक स्क्रू नळीच्या आंत शिरून तारेला अर्धवट कापून बसला होता. फळीखालचा वातींचा खण ओढला किंवा लोटला कीं ती अर्धी तार क्षणभर सुटे, आणि दोन्हीकडच्या पेट्यांना पुन्हां नव्यानें हस्तांदोलन करावें लागे. वायरमनचे दिवे खोटें बोलले नव्हते. तो आला असतां कोणीं खण उघडला नव्हता, आणि अर्धी तारहि दिवा लावण्यास पुरते. दिव्यांना विचारलेला प्रश्नच अपुरा होता. पडद्यावरील त्या आकृतीची प्रत तिनें वरिष्ठांना धाडली. तिची नोकरी कायम झाली. सासऱ्यांनीं दुसऱ्याच दिवशीं फळी समोरच्या भिंतीवर हलवून घेतली आणि त्या विषयावर पुन्हां चकार शब्द काढला नाहीं. आपल्याकडील वडीलधारीं माणसें क्षमा मागतात ती बहुधा अशीच.

चौदा मीटर हा आंकडा यंत्रानें कोठून आणला? विहिरींत हांक मारावी आणि परत आलेल्या आवाजावरून पाणी किती खोल हें ओळखावें, तसें हें आहे. तार एकसारखी असेल तोंवर तींत सोडलेला विजेचा धक्का सरळ पुढें जातो. जेथें तिचा गुणधर्म बदलतो, म्हणजे ती तुटलेली, दबलेली, ओलावलेली किंवा वाईट रीतीनें सांधलेली असते, तेथून त्या धक्क्याचा कांहीं भाग माघारा फिरतो. अशा तारेंत संदेश प्रकाशाच्या वेगाच्या सुमारें दोन-तृतीयांश वेगानें धांवतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात, तेवढ्या अवधींत तो सुमारें २० सेंटिमीटर जातो. प्रतिध्वनि १४० नॅनोसेकंदांनीं परत आला तर धक्क्यानें जाऊन येऊन २८ मीटर प्रवास केला. त्याच्या निम्मे १४. गणित पांचवींतल्या मुलाला येण्यासारखें आहे. अवघड आहे तें १४० नॅनोसेकंद मोजणें, आणि तें आतां हातांतल्या पेटीला साधलें आहे. शिवाय तार पुरती तुटलेली असेल तर प्रतिध्वनि सुलट येतो, दोन तारा एकमेकींस चिकटल्या असतील तर उलटा येतो. म्हणून यंत्र जागेबरोबर रोगाची जातहि सांगूं शकतें. मात्र निरनिराळ्या तारांत वेग थोडा थोडा निराळा असतो. तपासणाऱ्यानें तारेची जात यंत्राला आधीं नीट सांगितली नाहीं तर मीटरांत चूक पडते आणि भलतीच भिंत फुटते.

मोठ्या कचेऱ्यांत आणखी एक अडचण असते: छताच्या पोकळींत शंभर तारा एकत्र, त्यांतली आपली कोणती? त्यासाठीं तारेच्या एका टोंकाला किणकिणणारा संकेत सोडणारी डबी लावतात, आणि दुसरीकडे कांडीसारखें यंत्र एकेका तारेजवळून फिरवितात. नेमक्या तारेशीं आलें कीं कांडी तोच सूर काढते. इंग्रजी बोलणारे तंत्रज्ञ ह्या जोडीला 'कोल्हा आणि शिकारी कुत्रा' म्हणतात. कोल्ह्याचा वास काढण्यापेक्षां सुराचा माग काढणें आम्हांला अधिक सभ्य वाटतें, असो.

तार निर्दोष ठरली म्हणजे निम्मेंच काम झालें. संगणकाला जाळ्यांत पत्ता मिळावा लागतो, घराबाहेर पडण्याचें द्वार सांपडावें लागतें, आणि द्वारापलीकडचा रस्ता मोकळा असावा लागतो. एका प्रसिद्ध जातीच्या खिशांतील परीक्षकावर ह्यासाठीं पांच दिवे ओळीनें मांडलेले असतात. पहिला सांगतो कीं तारेंतून वीजहि येत आहे कीं नाहीं, कारण दारावरचे कॅमेरे व कचेरींतील टेलिफोन हल्लीं त्याच तारेंतून वीज घेतात. दुसरा सांगतो कीं पलीकडच्या स्विचशीं बोलणें जुळलें. तिसरा पत्त्याचा, चौथा द्वाराचा, पांचवा बाहेरच्या जगाचा. क्रमानें पाहत जावें, आणि जेथें पहिला दिवा अडेल तेथेंच थांबावें. त्यापुढचे सर्व दोष त्याच्याच पोटचे असण्याचा संभव फार.

यांतील पत्त्याचा दोष घरगुती जाळ्यांत वारंवार आढळतो म्हणून त्याविषयीं चार शब्द. लग्नांत जानवशावर एक कारभारी असतो. येणाऱ्या पाहुण्याला तो खोली नेमून देतो. जाळ्यांत हें काम राउटर करतो. आतां घरांत वाय-फाय पोंचत नाहीं म्हणून कोणी जुना राउटर माळ्यावरून काढून मधल्या खोलींत जोडला, तर तोहि आपल्याला कारभारी समजून पत्ते वांटूं लागतो. एकाच जानवशावर दोन कारभारी! कांहीं पाहुणे योग्य खोलींत जातात, कांहीं भलत्याच दारावर उभे राहतात. तार उत्तम, दिवे हिरवे, आणि तरी अर्ध्या घराला नेट नाहीं. यंत्र येथें पत्ता कोणीं दिला हें नांवानिशीं दाखवितें. यंत्र नसेल तरी एवढें करतां येतें कीं संगणकांत स्वतःचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ह्या आंकड्यांनीं सुरू होत असेल तर कारभारी भेटलाच नाहीं, म्हणून संगणकानें मनानेंच एक पत्ता धारण केला आहे, असें समजावें. त्या स्थितींत कंपनीला फोन करण्याआधीं राउटरपर्यंतची स्वतःची तार पाहावी.

द्वार व बाहेरचें जग ह्यांची परीक्षा ज्या युक्तीनें होते तिचें नांव 'पिंग'. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेंतील माइक म्यूस यांनीं १९८३ च्या डिसेंबरमध्यें हा लहानसा कार्यक्रम लिहिला. पाणबुड्या शोधण्यासाठीं समुद्रांत ध्वनि सोडून प्रतिध्वनि ऐकतात, त्या ध्वनीवरून त्यांनीं हें नांव दिलें. एका संगणकानें दुसऱ्याला 'आहांत का?' असें विचारावें आणि उत्तर यावयास किती वेळ लागला तें मोजावें, एवढाच त्याचा विस्तार. म्यूस यांनींच पुढें एक मौजेची हकीकत सांगितली आहे. एका गृहस्थाच्या कचेरींत जाळें अधूनमधून तुटे आणि जागा सांपडेना. त्यानें पिंगचें प्रत्येक उत्तर आलें कीं संगणकानें मोठ्यानें 'पिंग' म्हणावें अशी योजना केली, तो आवाज कचेरींतील गाण्याच्या यंत्राला जोडला, तें यंत्र शक्य तितकें मोठें केलें, आणि मग तो इमारतभर फिरून एकेक जोड हालवीत सुटला. ज्या जोडाशीं 'पिंग' थांबलें तेथें दोष! आम्हांला ह्या गोष्टींत हातांतील यंत्राचा सगळा इतिहास दिसतो. त्या गृहस्थाला उत्तर स्वतःबरोबर नेतां येत नव्हतें, म्हणून सारी इमारत दणाणून सोडावी लागली. आज तें उत्तर हातांतल्या पेटीच्या पडद्यावर दिसतें, आणि शेजाऱ्यांची झोंप मोडत नाहीं.

वाय-फायला तार नाहीं, म्हणून प्रतिध्वनीचें गणितहि नाहीं. तेथें फक्त बळ मोजावयाचें. त्याला बहुतेक मोबाइलवर मिळणारा साधा परीक्षक-कार्यक्रम पुरतो. आंकडे उणे असतात, त्यानें घाबरूं नये. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलणें सुखानें चालतें, उणे ८० च्या खालीं सर्व रखडतें. खोलोखोलीं फिरून हे आंकडे कागदावर टिपले कीं लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टांकी ह्यांनीं काय केलें आहे तें कळतें. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच काम करते. दूध तापवितांना नातवाचा धडा अडत असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावें.

दाराशीं येणारी तार हल्लीं पुष्कळ ठिकाणीं तांब्याची नसून कांचेची असते आणि तिच्यांतून प्रकाश धांवतो. तिची तपासणी प्रकाशाचें बळ मोजणाऱ्या मापकानें होते. कंपनीच्या माणसाला आंकडा विचारण्यास संकोच करूं नये; उणे २० च्या आसपास असेल तर प्रकृति चांगली, उणे २७ च्या पलीकडे गेला तर पेटीला ऐकूं येईनासें होतें. दाराच्या फटींत तार तीव्र वांकलेली असली तरी प्रकाश गळतो. तेथें तांबडा प्रकाश सोडणारी लेखणीसारखी दांडी लावतात, आणि गळतीची जागा अंधारांत लाल चमकते. ह्या तारेच्या टोंकांत मात्र कोणींहि, विशेषतः मुलांनीं, डोळा लावून पाहूं नये. आंतील खरा संदेश ज्या प्रकाशानें जातो तो डोळ्यांना दिसत नाहीं, आणि न दिसतां अपाय करूं शकतो.

आतां पैशाची गोष्ट. हीं यंत्रें तीन पायऱ्यांचीं असतात. पहिली दिव्यांची, ती फक्त जोडणी पाहते. दुसरी ह्या तारेवरून अमुक वेग चालेल कीं नाहीं एवढें सांगते. तिसरी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाशीं तारेचा प्रत्येक गुण ताडून उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दाखला देते. ह्या तिसरीची किंमत कित्येक लाख रुपये असते. ती घरीं घेण्याची वस्तु नव्हे. पण तिनें दिलेला दाखला मागणें हा घर बांधणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे, आणि तो फार थोडे लोक बजावतात. फरशी, नळ, रंग ह्यांविषयीं कंत्राटदाराशीं तासन् तास हुज्जत घालणारीं माणसें तारेच्या बाबतींत 'चालते ना?' एवढ्यावर संतुष्ट होतात, हें आम्हांला नवल वाटतें. भिंत बंद झाल्यावर दोष काढणें म्हणजे भिंत फोडणें. बाजारांत तांब्याच्या नांवाखालीं अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारहि सर्रास विकली जाते. ती दिव्यांच्या डब्यांना बिनदिक्कत फसविते. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. त्यामुळें लांब अंतरावर ती कमी पडते, वीज वाहतांना अधिक तापते, आणि दोन-चारदां वांकविली कीं तुटते. रोध मोजणाऱ्या यंत्रापुढें तिचें बिंग फुटतें. यंत्र नसेल तर एक टोंक कापून ब्लेडनें खरवडावें. आंत पांढरें दिसलें तर दुकानदाराला परत करावी.

करार लिहितांना त्यांत एवढें घालून घ्यावें कीं प्रत्येक तारेची तपासणी गिलाव्यापूर्वीं एकदां आणि रंगानंतर एकदां व्हावी, भिंतींतली लांबी ९० मीटरांच्या आंत असावी, आणि कामाचा शेवटचा हप्ता दाखला हातीं आल्यावर द्यावा. यंत्र हा दाखला स्वतःच तयार करतें. त्यावर तारेचें नांव, लांबी, चारी जोड्यांचे आंकडे, आणि तपासणीची तारीख व वेळ असते, म्हणून कोणीं मागाहून हातानें लिहिलेला कागद पुढें केला तर तो घेऊं नये. नांवें देतांना 'तार १, तार २' असें न करतां 'मधली खोली, खिडकीखालीं' अशीं द्यावींत, आणि तींच नांवें भिंतींतील सॉकेटवरहि चिकटवून घ्यावींत. तार कोणत्या भिंतींतून किती उंचीवरून गेली ह्याचें मोबाइलवर घेतलेलें छायाचित्र गिलाव्याच्या आदल्या दिवशीं काढून त्याच कागदांबरोबर ठेवावें.